जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो, काय करावं?

निळी_छत्री:
आमचा लॅब्राडोर दोन वर्षांचा आहे. एरवी लाडोबा, पण वाडग्यात तोंड घातलं की कोणी जवळ आलेलं खपत नाही. पाचेक फुटांवर गेलं की भराभर गिळायला लागतो, आणखी जवळ गेलं की अंग ताठ, मग गुरगुर. चावलेला नाही. मोजा पळवला तरी हाच प्रकार. घरात सात वर्षांची मुलगी आहे. 'वाडग्यात हात घाला, मधेच उचला, मालक कोण ते कळू दे' असं जो तो सांगतो. करावं का? आणि खाऊ देऊन शिकवलं तर गुरगुरण्याचं बक्षीस दिल्यासारखं नाही का होणार?

पंजा_दे:
हात घालू नका, वाडगाही ओढू नका. 'माणूस आला की जेवण जातं' हीच त्याची धास्ती आहे आणि वाडगा उचलून तुम्ही ती खरी ठरवता. रागावलात तर गुरगुर बंद होईल, धास्ती तशीच राहील. पुढच्या वेळी इशारा न देता थेट दात. गुरगुरतोय हे बरंच म्हणायचं.

आधी मुलीचं. हा सराव फक्त मोठ्यांनी करायचा. तोवर जेवण बंद दाराआड. तो बाहेर आला, वाडगा उचलला, की मगच तिने त्या खोलीत जायचं. यात सवलत नको.

आता सराव. वाडग्यात रोजचे कोरडे दाणे, हातात त्याहून भारी काहीतरी. उकडलेलं बिनहाडाचं चिकन उत्तम, मीठ-कांदा-लसूण न घालता, वाटाण्याएवढे तुकडे. एका जेवणाला आठ-दहा पुरतात. तेवढं रोजच्या खाण्यातून कमी करा, लॅब्राडोर फुगायला वेळ लागत नाही.

पाच फुटांवर वेग वाढतो ना? मग तुम्ही सात-आठ फुटांवरून जायचं. थेट त्याच्या अंगावर नाही, बाजूने, नजर न रोखता. न थांबता एक तुकडा वाडग्याजवळ टाका आणि निघून जा. वीस-तीस सेकंदांनी पुन्हा. वाडगा रिकामा व्हायच्या आत थांबा.

अंतर कधी कमी करायचं ते त्याचं अंग सांगतं. पावलांचा आवाज आला की मान वर, शेपूट सैल, नजर तुमच्या हाताकडे, असं दोन-तीन दिवस प्रत्येक जेवणाला दिसलं की अर्धा फूट पुढे. मान खाली दाबली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला किंवा घास चावणं मधेच थांबलं, तर मागचं अंतर. गुरगुरलाच तर शांतपणे मागे सरका. अशा वेळी तुकडा पडला तरी गुरगुरणं पक्कं होईल ही भीती नको, इथे आपण त्याची भावना बदलतोय. पण तुम्ही फार जवळ गेला होता, एवढं त्यातून समजायचं.

वाडग्यापर्यंत पोचलात की दोन सेकंद थांबणं, वाकणं, कडेला बोट लावणं, उचलणं हे चार वेगळे धडे. घाई इथेच होते आणि सगळं फिसकटतं. उचलायचा धडा आला की वाडगा वर, आत चिकन, लगेच खाली.

तिसरा_डोळा:
+१. पण क्रम सांभाळा. आधी तुमचं येणं, मग तुकडा. खाऊची पिशवी खुळखुळवत गेलात तर तो पिशवी ओळखायला शिकेल, तुमचं येणं तसंच खटकत राहील. आणि त्या वेळी 'बस', 'थांब' असलं काही म्हणू नका. शिस्तीचा तास नाही हा.

मोज्यासाठी 'सोड' वेगळं शिकवा. ज्याचं त्याला फारसं अप्रूप नाही अशा खेळण्यापासून सुरुवात. 'सोड' म्हणा, सेकंदभर थांबा, मग नाकाशी तुकडा धरा. तोंड उघडलं त्या क्षणी 'येस', तुकडा, आणि खेळणं परत त्यालाच. हे परत देणं बहुतेक जण विसरतात, मग कुत्रा वस्तू घेऊन पलंगाखाली पळतो. दरवेळी तुकडा आधी दाखवलात तर तो दिसल्याशिवाय तोंड उघडणार नाही. मोज्यांचं म्हणाल तर टोपलीला झाकण लावा!

निळी_छत्री:
सुरू केलं. आठ फुटांवर मान वर करतो, पण आता वाडगा सोडून माझ्याकडेच येतो. चालेल का? आणि माझं जमलं की नवऱ्याने तिथूनच पुढे सुरू करायचं का?

पंजा_दे:
येतोय ते चांगलंच, फक्त हातातून देऊ नका. तुकडा वाडग्याच्या दिशेने टाका, तो परत खायला लागला की पुढची फेरी. नवऱ्याने मात्र आठ फुटांपासूनच. कुत्र्याला एका माणसाचा अनुभव दुसऱ्याला आपोआप लावता येत नाही. दुसऱ्याचं बहुधा लवकर होतं, एवढंच. खोली किंवा वाडग्याची जागा बदललीत तरी थोडं मागून सुरू करा.

तिसरा_डोळा:
हे गुरगुरणं अलीकडे अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरांकडून दात, कान, सांधे तपासून घ्या. दुखणाऱ्या कुत्र्यावर नुसता सराव चालत नाही. हवेत दात मारले किंवा चावला, तर घरचा सराव थांबवून वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. जाळीचं मुसकं वापरावं लागेलसं वाटत असेल तर त्याची सवयही आतापासून लावा: आत चिकन ठेवायचं, नाक त्याने स्वतः घालायचं, पट्टा बरेच दिवस बांधायचाच नाही.