वळवताना बोटीच्या ड्राइव्हमधून घरघर, उघडायचा की अख्खा बदलायचा?

पानशेत_वीकेंड:
मंडळी, इथे गाड्यांवर एवढी चर्चा चालते म्हणून म्हटलं विचारून बघू. आम्हा तीन मित्रांची भागीदारीत घेतलेली एक जुनी १८ फुटी बोट आहे, आत मरक्रूझरचं ३ लिटर चार सिलिंडर पेट्रोल इंजिन आणि मागे अल्फा वन स्टर्नड्राइव्ह (म्हणजे इंजिन बोटीत, आणि गिअर नि पाणी कापणारा पंखा मागे बाहेर लटकलेल्या ड्राइव्हमध्ये). पावसाळाभर कोथरूडला एकाच्या शेडमध्ये होती, ड्राइव्ह वर उचललेला, कारण जाता येता पंखा पायाला लागतो. दिवाळीनंतर पानशेतला पाण्यात घातली तर सरळ जाताना ठीक पण डावीकडे वळवलं की मागून जात्यासारखी घरघर सुरू, पूर्ण वळवलं की जास्त, सरळ केलं की जवळजवळ बंद. स्पीड तोच मिळतोय, आरपीएम पण नेहमीचेच.
एका मेकॅनिकला फोनवरच आवाज ऐकवला तर तो म्हणे खालचे गिअर गेले, अख्खा ड्राइव्ह बदला, आणि आकडा असा सांगितला की एक पार्टनर बोटच विकून टाकू म्हणायला लागलाय. न उघडता काही कळेल का? बोट सध्या ट्रेलरवर आहे, हत्यारं आहेत.

ग्रीसगन:
फोनवर आवाज ऐकून गिअर गेला म्हणणाऱ्याला आधी लांबूनच नमस्कार करा.
तुम्ही स्वतःच अर्धं उत्तर दिलंय राव. आवाज वळवल्यावर बदलतो ना, मग खालच्या गिअरवर संशय कमी, कारण वळताना खालच्या गिअरांना काही फरक पडत नाही, त्यांचा आवाज आला तर तो स्पीडबरोबर वाढतो आणि सरळ जातानाही येतो. वळवताना आणि ट्रिम म्हणजे ड्राइव्हचा कोन वरखाली करताना ज्यांचा कोन किंवा ज्यांच्यावरचा ताण बदलतो ते दोनच, ड्राइव्हशाफ्टचे क्रॉस (वळणारे सांधे) आणि त्यांच्या पुढचं, शाफ्टला आधार देणारं गिम्बल बेरिंग. घरघर असेल तर बहुतेक बेरिंग, टकटक किंवा खटखट असेल तर क्रॉस. आणि ही दोन्ही ज्या रबरी बुटाच्या, म्हणजे घडीघडीच्या रबरी नळीच्या, आड बसतात तो बूट फाटला की पाणी आत, पाणी आत की गंज. आवाज नंतर येतो, आधी बूट जातो.
खात्री करायची तर ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवा, पाण्याची नळी लावून इंजिन आयडलवर चालू करा आणि दुसऱ्याला सावकाश स्टिअरिंग पूर्ण डावीकडे उजवीकडे फिरवायला सांगा. तुम्ही आतून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रान्समवरच्या (बोटीच्या मागच्या भिंतीवरच्या) बेरिंगच्या घराला लावून मूठ कानाला, आपल्या गॅरेजमधली जुनी युक्ती. बेल्टपासून लांब राहा, आणि स्टार्टर मारायच्या आधी ब्लोअर (इंजिनच्या खणातला हवा ओढणारा पंखा) चालवून पेट्रोलची वाफ बाहेर काढा, यात आळस नको. नळीशिवाय तर एक मिनिटही चालवू नका, अल्फाचा पाण्याचा पंप ड्राइव्हमध्येच असतो आणि त्यातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) कोरडा फिरला की रबर जळतं. ड्राइव्ह खूप वर उचलून चालवून पण आवाज तपासू नका, त्या कोनात चांगले क्रॉससुद्धा खडखडतात.
गिम्बल हाउसिंगच्या (त्याच बेरिंगच्या घराच्या) उजव्या बाजूला ग्रीस निपल आहे का बघा, नव्या काही बेरिंगांना नसतो. असेल तर चार पंप मारा. आवाज थोडा दबला तर संशय पक्का, पण ते औषध नव्हे हां, चार दिवसांनी परत येणार.

मांडवा_लाटा:
ग्रीसगन दादांशी सहमत, तरी गिअरचा प्रश्न एकदा निकालात काढाच, खर्च फक्त तेलाचा आहे. बोट दोन दिवस न हलवता ड्राइव्ह उभा ठेवा, मग खालचा प्लग अगदी थोडासा ढिला करा. पाणी तेलाच्या खाली बसतं, त्यामुळे आधी पाण्याचे थेंब आले तर सील गेलंय. तेल दुधाळ असलं तरी तेच. प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ गाळ लागलेला चालतो, पण बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे दिसले तर मात्र तुमचा तो फोनवाला बरोबर निघेल. भरताना खालून भरायचं, वरच्या छिद्रातून बुडबुडे थांबून तेल येईपर्यंत, वरून ओतलं की हवा अडकते. दरवर्षी किंवा १०० तासांनी बदलतो आम्ही, जे आधी येईल ते.
जाता जाता एक. तुमची बोट गोड्या पाण्यातली, म्हणजे ॲनोड (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारे धातूचे तुकडे) मॅग्नेशियमचे हवेत. कुणी मुंबईहून आणून झिंकचे लावले असतील तर ते गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत. उलट मॅग्नेशियमचे घेऊन मांडव्याला खाऱ्या पाण्यात उतरलात तर बघता बघता संपतात.

सिंहगडरोड_काका:
तेल ट्रेमध्ये काढा बरं का, काठावर सांडू नका. पानशेतचं पाणी खडकवासल्यात आणि तिथून आपल्याच नळाला येतं.
बाकी मला पंख्याचीही शंका आहे. पाणी उतरलं की तळाचे जुने बुंधे, दगड वर येतात, एखादं पातं जरी वाकलं तरी थरथर येते. पार्टनर लोक सांगत नसतात कुणी आपटलं ते. (हा मरक्रूझर १९६१ साली आला, म्हणजे आमचं पानशेत फुटलं त्याच साली, त्याच्या दोन वर्षं आधी व्होल्वो पेंटाने असा ड्राइव्ह आणला होता. तेव्हापासून इंजिन आत आणि पंखा बाहेर ही भानगड चालूच आहे आणि मधल्या त्या रबरी बुटाची कटकटही.)

ग्रीसगन:
काका, पंखा वाकला तर सरळ जातानाही थरथरेल ना, यांना सरळ जाताना काही नाही. पण बघून घ्यायला काय जातं.

पानशेत_वीकेंड:
सगळ्यांचे आभार. तेल काढलं, पिवळट स्वच्छ, पाणी नाही, चुंबकावर नुसता मऊ गाळ. पंखा सरळ आहे. स्क्रूड्रायव्हर लावला तर घरघर ट्रान्समपाशीच स्पष्ट ऐकू येते. आणि ड्राइव्ह उचलून बॅटरी मारली तर बुटाच्या खालच्या घडीत बोटभर चीर, दाबलं की तपकिरी पाणी गळतंय. त्या फोनवाल्याला फोटो पाठवला, अजून उत्तर नाही. आता ड्राइव्ह काढायचा म्हणतोय. बेरिंग नाना पेठेत मिळेल का?

ग्रीसगन:
तेच ते! बुटाची घडी वर उचललेल्या स्थितीत महिनोन्‌महिने दुमडलेली राहिली की तिथेच चिरते, म्हणून ठेवताना ड्राइव्ह नेहमी खालीच सोडायचा. पाय लागत असेल तर पंखा काढून ठेवा.
नाना पेठेत साधं बेरिंग मिळेल, हे नाही मिळणार. याची बाहेरची रिंग गोलाईत बसलेली असते म्हणजे थोडं इकडेतिकडे वळून शाफ्टच्या रेषेत येतं, नंबर बघून मरीनचंच मागवा.
काढताना अल्फा फॉरवर्ड गिअरमध्ये टाका, ट्रिम सिलिंडर मागून सोडवा, मग सहा नट. एकट्याने उचलू नका, कंबर जाईल. जुनं बेरिंग स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाच्या झटक्याने ओढणारं हत्यार) ओढायचं, नवं बसवताना आतल्या रिंगवर ठोकलंत तर नवं बेरिंग तिथेच खराब. ग्रीसचं छिद्र हाउसिंगच्या छिद्रासमोर येतंय का बघा. क्रॉस हाताने चहूबाजूंनी वाकवा, कुठेही अडकलं किंवा गंजाची भुकटी पडली तर तेही बदला.
आणि हे चुकवू नका: ड्राइव्ह परत घालण्याआधी अलाइनमेंट बार (रेष जुळते का बघायचा सरळ दांडा) बेरिंगमधून इंजिनच्या कपलरमध्ये, म्हणजे शाफ्ट जिथे इंजिनला जोडतो त्या दातेरी सांध्यात, घाला. दोन बोटांनी सरकला पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर पुढचे इंजिन माउंट वरखाली करून जुळवा, नाहीतर नवं बेरिंगही घरघरणार आणि कपलरचे दातेही जाणार. दात्यांना ग्रीस, नट ५० फूट-पाउंडला.

पानशेत_वीकेंड:
बार कुणाकडे मिळेल का भाड्याने? आणि बूट तीन दिसतायत, एकच फाटलाय, मग एकच मागवू ना?

मांडवा_लाटा:
बार माझ्याकडे आहे, घेऊन जा. बूट तिन्ही मागवा. एक्झॉस्टचा फाटला तर फार बिघडत नाही, त्याच्या जागी नळीही बसते, आवाज तेवढा वाढतो. पण तो गिअर केबलचा पिटुकला बूट आहे ना, तो गेला तर पाणी थेट बोटीत. धक्क्याला बांधलेली बोट सकाळपर्यंत तळाला गेलेली असते.