माणूस मेंदूचा 10 टक्केच भाग वापरतो का? प्राण्यांशी तुलना फलकावर कशी मांडावी?

खडूफळा_डिचोली

नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी 'माणसाचा मेंदू आणि प्राण्यांचा मेंदू' हा विषय घेतला आहे. त्यांच्या कच्च्या फलकावर तीन वाक्यं आहेत. माणूस मेंदूचा 10 टक्केच वापर करतो. मेंदू जितका मोठा तितकी बुद्धी जास्त. प्राणी उपजत प्रेरणेवर जगतात, माणूस बुद्धीवर. तिन्हींबद्दल मला शंका आहे. काय खोडायचं, त्या जागी काय लिहायचं? आकडे हवेत, आणि हजार रुपयांच्या आत मुलांना करून दाखवता येईल असं एखादं प्रात्यक्षिकही हवं.

चेतापेशी

सर, तिन्ही वाक्यं खोडा.

10 टक्क्यांचं आधी. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ 20 टक्के तो एकटा खातो, म्हणजे साधारण 20 वॅट. नऊ हिस्से निकामी पडून असलेल्या अवयवाला शरीर एवढं पोसणार नाही. पक्षाघातात मेंदूतल्या एखाद्या छोट्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी वाचा जाते, हात जातो किंवा अर्धी दृष्टी जाते. 'हा भाग रिकामाच होता' असं सहसा होत नाही. एफएमआरआय, म्हणजे मेंदूतलं काम चित्रात दाखवणारी तपासणी, तिच्या चित्रात लाल ठिपके थोडेच दिसतात, त्यानेही गैरसमज होतो. ते चित्र वजाबाकीचं असतं. काम करतानाच्या मोजमापातून विश्रांतीचं मोजमाप वजा केलं की जिथे फरक उरतो तेवढंच रंगवतात. राखाडी दिसणारा भागही चालूच असतो. उलट, चेतापेशी एकदम आणि एका तालात धडधडायला लागल्या तर त्याला फिट येणं म्हणतात.

आता आकार. स्पर्म व्हेलचा मेंदू 8 किलोच्या आसपास, हत्तीचा साडेचार-पाच किलो, माणसाचा 1300 ते 1400 ग्रॅम. 'शरीराच्या मानाने मोजा' म्हणाल तर घरातला उंदीरही 2 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या बरोबरीला. दोन्ही मापं फसतात. पेशी मोजाव्या लागतात. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी त्यासाठी मेंदूचा चक्क रस केला: ऊती विरघळवायची, पेशीकेंद्रकं रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक थेंबातली मोजायची. माणसात सुमारे 8600 कोटी चेतापेशी निघाल्या. आफ्रिकन हत्तीत 25,700 कोटी! पण हत्तीच्या त्या पेशींपैकी 97 टक्क्यांहून जास्त लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात आहेत. मोठ्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे विचाराचं काम करणाऱ्या बाहेरच्या थरात, हत्तीकडे 560 कोटी, माणसाकडे 1600 कोटी, कुत्र्याकडे सुमारे 53 कोटी, मांजराकडे 25 कोटी.

फलकावर मुद्दाम घ्यावा असा प्राणी म्हणजे रेव्हन, आपल्या डोमकावळ्याचा थोरला भाऊ. मेंदू अवघा 14 ग्रॅम, पण त्यात दोनशे कोटींहून जास्त चेतापेशी, आणि त्यातल्या सुमारे 120 कोटी अग्रमेंदूच्या विचार करणाऱ्या भागात. कुत्र्याच्या दुपटीहून जास्त! पक्ष्यांच्या पेशी लहान आणि दाटीने बसलेल्या असतात. माणकीच्या नात्यातला ऑक्टोपस तर आणखी वेगळा: 50 कोटी चेतापेशी, त्यांतल्या दोन-तृतीयांश हातांमध्ये. त्याच्या बाबतीत 'मेंदू किती ग्रॅमचा' हा प्रश्नच लंगडा पडतो.

किनारवाट

उपजत प्रेरणेसाठी लांबचं उदाहरण नको. गोव्यातच मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने. आई केव्हाच निघून गेलेली असते, शिकवणारं कुणी नाही. वाळू निवली की पिल्लं बहुधा रात्रीच वर येतात आणि समुद्राकडे धावतात. 'समुद्र' ही कल्पना त्यांच्या डोक्यात नसते. उजळ, खालच्या क्षितिजाकडे जायचं आणि उंच काळ्या आकृतीपासून (माड, सुरू, वाळूची टेकडी) दूर जायचं, एवढाच नियम. पाण्यात शिरल्यावर दुसरा नियम लागतो: लाटांना सामोरं पोहायचं.

हा नियम लाखो वर्षं चालला, तो कोलमडतो शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीच्या, दिव्यापाशी. मागे बल्ब असेल तर पिल्लू उलट दिशेला जातं, आणि चूक झाल्याचं कळून वळत नाही, कारण नियमाच्या हिशेबाने ते बरोबरच चाललंय. मुलांना उपजत वर्तनाची खूण नेमकी हीच सांगा: पहिल्याच वेळी जमतं, सगळ्यांना एकसारखं जमतं, आणि परिस्थिती बदलली तरी तसंच चालू राहतं.

दुसरं उदाहरण कोकिळेचं. मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, पिल्लू कावकाव ऐकत वाढतं, तरी नर मोठा झाल्यावर कुहू-कुहूच करतो. याउलट फिंचसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांत पिल्लाला मोठ्याचं गाणं ऐकायला मिळालं नाही तर गाणं बिघडतं.

म्हणून 'प्राणी = प्रेरणा' असं समीकरण नको. त्याच कासवांच्या जातभाईंवर, म्हणजे लॉगरहेडच्या पिल्लांवर केलेला प्रयोग 2025 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. ज्या चुंबकीय क्षेत्रात खायला मिळालं ते क्षेत्र त्यांनी लक्षात ठेवलं, आणि ते पुन्हा जाणवताच तोंड वर काढून वल्ह्यासारखे पुढचे पाय हलवत 'नाचू' लागली. धावणं उपजत, खाण्याची जागा शिकलेली, डोकं एकच. आणि माणसाचं तान्हं? गालाला बोट लावलं की तोंड वळवणं, चोखणं, तळहाताला लागलेलं घट्ट धरणं, हे त्याला कोण शिकवतं?

जंगलवाट_सत्तरी

फलकावर ते तीन मजली चित्रही घ्या. खाली सरपटणाऱ्यांचा मेंदू, मध्ये भावनांचा, वर माणसाचा विचार करणारा. मुलांना पटकन समजतं.

चेतापेशी

पटकन समजतं, पण चुकीचं समजतं. अमेरिकन चेताशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांची ती मांडणी चेताविज्ञानाने मागे टाकलेली आहे. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरीलाही अग्रमेंदू, मध्यमेंदू, पश्चमेंदू तिन्ही आहेत. उत्क्रांतीत जुन्या मेंदूवर नवा मजला चढला नाही. तेच भाग वेगवेगळ्या प्रमाणात वाढले, बदलले. मगरीपासून माणूस झालेला नाही, हेही मुलांच्या कानावर जाऊ द्या.

खडूफळा_डिचोली

(सर नव्हे, बाई.) आभार, वाक्यं खोडली. प्रात्यक्षिकाचं काय? एका मुलाला कुत्र्याच्या बुद्धीची चाचणी करायची आहे.

दोनवाट्या

बाई, बोट दाखवण्याची चाचणी घ्या. माणसाने बोट दाखवलेल्या वाटीकडे कुत्रा जातो. चिंपांझी एवढा जवळचा नातेवाईक असून यात कच्चा पडतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या गटाने आपल्याकडच्या रस्त्यावरच्या, कुणी न शिकवलेल्या कुत्र्यांतही ही समज दाखवून दिली आहे. मुलांनी मात्र रेबीजची लस घेतलेला, ओळखीचा पाळीव कुत्राच घ्यावा.

एकसारख्या दोन स्टीलच्या वाट्या एकमेकींपासून सव्वा ते दीड मीटरवर ठेवा. दोन्ही आतून चिकनने चोळा, नाहीतर तुम्ही नाकाची परीक्षा घ्याल. तुकडा एकीतच ठेवा आणि दोन्ही झाका. कुत्रा अडीच मीटरवर. दाखवणारा बरोबर मध्ये उभा राहून एकदा बोट दाखवतो आणि नजर समोर ठेवतो. डावी-उजवी नाणं उडवून ठरवा, पण एकच बाजू सलग दोनदापेक्षा जास्त नको. अशा 10 फेऱ्या, आणि मधूनमधून 4 फेऱ्या बोट न दाखवता. या चारांतही कुत्रा सतत बरोबर आला तर त्याला वास लागतोय, निकाल बाद.

नुसत्या नशिबाने 10 पैकी 9 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे 1 टक्का, 8 किंवा जास्तची साडेपाच टक्के. म्हणून 7 आले तर टाळ्या नकोत.

सगळ्यात घात करतो तो पट्टा धरणारा मुलगा. वाटी ठाऊक असली की त्याचं अंग नकळत तिकडे झुकतं. त्याला पाठमोरं उभं करा. बर्लिनचा 'हुशार हान्स' घोडा गणितं सोडवतो असं लोक मानत होते. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोडाही चुकतो. तो माणसाच्या अंगाचे बारीक हेलकावे वाचत होता. माझ्या मते गणितापेक्षा ते जास्त अवघड काम आहे.

दुपारी उन्हात आणि जेवलेल्या कुत्र्यावर करू नका. पाचव्या फेरीला तो आडवा होतो.

चेतापेशी

जोडीला बकऱ्याचा भेजा ठेवा. खाटकाला आदल्या दिवशी सांगा, कोयत्याचा घाव मध्ये नको, अख्खा हवा. बर्फावर आणा, पण फ्रीझरमध्ये टाकू नका. बर्फाचे स्फटिक ऊती फाडतात. ताजा भेजा लोण्यासारखा असतो, कापायला गेलात तर चिखल होईल. आधी घट्ट करावा लागतो: बाजारातलं फॉर्मॅलिन 100 मिली, पाणी 900 मिली, मीठ 9 ग्रॅम. एका भेज्याला दीड-दोन लिटर द्रावण. मीठ नसेल तर ऊती फुगते. तळाला टेकला तर तो भाग चपटा होतो, म्हणून खालच्या बाजूच्या मधल्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून उलटा टांगा. दुसऱ्या दिवशी रक्ताने लाल झालेलं द्रावण बदला आणि दहा ते चौदा दिवस ठेवा.

हे काम मुलांचं नाही. उघड्या व्हरांड्यात, हातमोजे आणि चष्मा घालून तुम्हीच करा. फॉर्मॅलिनची वाफ डोळे-घसा जाळते आणि ते कर्करोगकारक आहे. नंतर दिवसभर वाहत्या पाण्यात धुऊन मधोमध कापा. पुढे टोकाला गंधाचे दोन कंद ठळक दिसतील. माणसात ते काडेपेटीच्या काडीएवढे बारीक असतात. बकऱ्याची अर्धी दुनिया वासाची, ती इथे बोटाने दाखवता येते.

बरणीवर 'खाण्यायोग्य नाही' हे मोठ्या अक्षरात लिहा आणि झाकणाच्या कडेला मेण ओता. प्रदर्शनात कुणी ना कुणी झाकण फिरवून बघतोच.