"संस्थेची वही हाच निर्णायक पुरावा": हे कलम चालतं का?

जामीनदार, खानापूर
मावसभावानं पॉवर टिलरसाठी सोसायटीचं कर्ज काढलं, जामीन मी. आता नोटीस आलीय १,८६,४०० रुपयांची. दोन हप्त्यांच्या पावत्या भावाच्या ट्रंकेत सापडल्या, निळ्या कार्बनच्या. एकीवरचा आकडा उजेडाकडं धरला तरच दिसतो. वहीत ते हप्ते नाहीत. मॅनेजर रोख्यातल्या ओळीवर बोट ठेवतात: "येणे रकमेबाबत संस्थेची वही निर्णायक पुरावा मानली जाईल." रोखा कन्नडमध्ये. सही केली, खरं वाचून कुणी दाखवला नव्हता. ज्याला पैसे यायचेत त्याचीच वही अंतिम, तर पावत्या फाडता कशाला?

वसुलीवाला, निवृत्त
कन्नड कळत नव्हतं तर सहीआधी विचारायचं. बेळगावात राहून हे कारण किती दिवस पुरणार? वसुलीला गेलं की प्रत्येक जण "भरले होते" म्हणतो. हे कलम नसेल तर दोन हजारांच्या वादापायी दावा वर्षानुवर्षं लोंबकळेल, आणि अडकतील ठेवी गावातल्याच पेन्शनरांच्या. इंग्लंडच्या कोर्टांनीही बँकांच्या हमीपत्रांतली अशी कलमं उचलून धरलीत.

काळा कोट
तिथंही लबाडी किंवा ढळढळीत चूक दिसली की कलम आडवं येत नाही, तेवढं सांगायचं राहिलं तुमचं.
आपल्याकडं १८७२ च्या पुरावा कायद्यानं तीन पायऱ्या केल्या: कोर्टाला वाटलं तर गृहीत धरेल; उलट शाबीत होईपर्यंत धरलंच पाहिजे; आणि निर्णायक, म्हणजे विरुद्ध पुरावा ऐकायचाच नाही. तिसरी पायरी दुर्मिळ. वैध लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल औरस, हे तिथलं ठळक उदाहरण. त्यातही २०१४ साली सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात डीएनए अहवाल वरचढ धरला. आणि हिशेबवही? कलम ३४ म्हणतं, नुसत्या वहीतल्या नोंदीवर कुणाच्या डोक्यावर देणं बसवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तसंच आहे. अहो, आपली पहाणीसुद्धा, म्हणजे जमिनीचा उतारा, कर्नाटकच्या १९६४ च्या महसूल कायद्यानं उलट शाबीत होईपर्यंतच खरी!

वसुलीवाला, निवृत्त
वही एकटी कुठं असते? रोखा, व्हाउचर, ऑडिट सगळं सोबत असतं. शिवाय दोघांनी मिळून ठरवलं की अमक्याचा आकडा मान्य, तर त्यात गैर काय?

बोदवाली, निपाणी
अमक्याचा म्हणजे कुणाचा, गोम तिथंच आहे. तंबाखूचं बोद, म्हणजे गठ्ठा, तिसऱ्याच्या काट्यावर चढवलं तर वजन मी गुमान मानीन. व्यापाऱ्याचाच काटा, त्याचाच माणूस, आणि वर "हेच अंतिम"? मग मी तिथं उभी कशाला राहू, पोरीला पाठवते.

काळा कोट
ताई, युक्तिवाद करायला तुम्हीच या.
जामीनदार, वाद कर्नाटकच्या सहकार कायद्याच्या कलम ७० खाली निबंधकाकडं नेता येईल. पावत्या लॅमिनेट करू नका, अस्सल तशाच ठेवा.

जामीनदार, खानापूर
मॅनेजरनी दाखवली ती खतावणी होती, एकेकाच्या खात्याची. वही म्हणजे तीच काय?

वसुलीवाला, निवृत्त
नाही. खतावणीत उतरवताना हप्ता दुसऱ्याच्या खात्यावर गेलेला मी स्वतः पाहिलाय, एकाच आडनावाचे सात जण असले की होतं तसं. पावतीच्या तारखेची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लेखी अर्ज करून मागा, आणि त्या पावतीपुस्तकाची संस्थेकडं राहिलेली स्थळप्रत. अर्जावर पोच घ्या. कलमाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.