मिलेटच्या ट्रेंडचा शेतकऱ्याला फायदा होतोय का?

मॉलमध्ये नाचणी कुकीज, ज्वारी पफ्स, जिकडे तिकडे मिलेटच. ही लोकांची मागणी की 2023 च्या भरडधान्य वर्षाचा परिणाम?

सोलापूरकर : दोन्ही. शहरात शुगर, ग्लुटेनची चर्चा आधीपासून होतीच, कंपन्यांनी ती बरोब्बर उचलली, सरकारने 2018 ला राष्ट्रीय वर्ष केलं, मग आपल्याच प्रस्तावावर युनोने 2023 जाहीर केलं आणि त्या वर्षीच्या बजेटमध्ये भरडधान्यांना 'श्री अन्न' हे नाव आलं. पण पाकीट उलटं करून बघा, पुढे मोठ्ठं नाचणी आणि मागे बऱ्याचदा पहिला घटक मैदा, जे जास्त ते आधी लिहावं लागतं.

रानातली : दादा, बरोबर. आम्ही मालदांडी ज्वारी पेरतो ती घरच्या भाकरीला आणि कडब्याला, काढणीला मजूर मिळता मिळत नाहीत. 2023-24 ला हमीभाव क्विंटलला 3225 होता पण खरेदी केंद्र वेळेत उघडलं नाही की व्यापाऱ्यालाच घालावी लागते.

नाचणीवाला : कर्नाटकात रेशनवर नाचणी-ज्वारी देतात, त्यासाठी सरकार खरेदी करतं. आपल्याकडे शाळेच्या पोषण आहारातही कायमची हवी, अशी पक्की खरेदी असली तरच क्षेत्र वाढेल.