स्विफ्टमध्ये ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

घाटवाट (सातारा / पुणे)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट असून तिच्यात कंपनीने दिलेला टचस्क्रीन स्टीरिओ आणि दारांतले चार स्पीकर आहेत. नोकरीनिमित्त मी पुण्यात असतो आणि दर शनिवारी खंबाटकी घाटातून साताऱ्याला घरी जातो, त्यामुळे माझे बहुतेक संगीत गाडीतच ऐकून होते. आजवर या आवाजाबद्दल माझी तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात मात्र वडिलांना आळंदीला घेऊन जाताना भजनाचे एक जुने ध्वनिमुद्रण लावले होते आणि थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "शाई ऐकू येते आहे, पण धुमी कुठे गेली?" वडील गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षांपासून पखवाज वाजवतात. पखवाजाचे उजवे तोंड म्हणजे शाई आणि डावे, घुमाऱ्याचे तोंड म्हणजे धुमी. या डाव्या तोंडाला कणीक लावताना तिची कड अंगठ्याने पातळ करत, मधूनच थाप देऊन घुमारा ऐकत बसलेले त्यांना मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यांनी विचारल्यापासून मलाही ती उणीव सतत जाणवू लागली आहे.

पुण्यातील एका दुकानात चौकशी केली तेव्हा त्यांनी १२ इंची सबवूफरचा (फक्त खालचे स्वर देणाऱ्या स्पीकरचा) मोठा खोका, "२००० वॉट" असे लिहिलेला मोनो ॲम्प्लिफायर आणि वायरिंगचा संच मिळून २४ हजार रुपये सांगितले. माझी मर्यादा ३० हजारांची आहे. बॅटरीवर ताण येईल का, मूळ वायरिंग कापावे लागेल का, आणि डिकीत सामानाला जागा उरेल का, या तीन शंका आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अर्थिंग (नाशिक)

घाटवाट, तुमच्या वडिलांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तरीही पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची तपासणी करून घ्या. पखवाजाचेच ध्वनिमुद्रण लावून आवाजाचा बॅलन्स पूर्णपणे एका बाजूला न्या. दोन्ही बाजू चालू असताना जेवढा घुमारा येतो त्यापेक्षा एकच बाजू चालू असताना तो जास्त भरीव वाटला, तर एका दाराच्या स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे. अशा वेळी एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. स्पीकर आधी कोणी बदललेले असतील तर ही चूक हमखास सापडते.

वायरी बरोबर असतील तर पुढचे लक्ष दारांकडे द्या. स्पीकरचा पडदा जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागेही ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात आणि त्यांतून मागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेला मारते. ही भोके झाकून पत्र्याला ब्यूटाइल रबराचे डॅम्पिंग (थरथर दाबणारे) शीट लावले, तर त्याच स्पीकरमधून पूर्वी नसलेला भरीवपणा येतो. काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी तळाशी छिद्रे असतात, ती मात्र चुकूनही बुजवू देऊ नका. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात दार आतून सडायला वेळ लागत नाही. माझ्या मते सबवूफरआधी हे काम व्हायला हवे, कारण दार पोकळ वाजत असेल तर डिकीतला सबवूफर गाडीच्या बाकीच्या आवाजाशी कधीच एकजीव होत नाही आणि घुमारा मागून वेगळा येत राहतो.

आता त्या "२००० वॉट"बद्दल. खोक्यावर छापलेला आकडा क्षणिक कमाल ताकदीचा असतो. आपल्याला सलग मिळणारी, म्हणजे आरएमएस, ताकद हवी असते. दुकानात उभ्याउभ्या ती पारखण्याचा सोपा मार्ग म्हणजे ॲम्प्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज पाहणे. २५ अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर तो सलग ५० अँपिअरपेक्षा जास्त घेऊच शकत नाही. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर आत जाणारी ताकद ६९० वॉट होते आणि चांगल्या डी वर्गाच्या, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या, ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के मानली तरी स्पीकरला जेमतेम ५५० वॉट मिळतात. खरोखरच २००० वॉट सलग हवे असतील तर पावणेदोनशेहून अधिक अँपिअर लागतील आणि लहान गाडीचा अल्टरनेटर तेवढा प्रवाह देऊ शकत नाही. हाच हिशेब स्टीरिओलाही लागू पडतो. त्यावर "५० वॉट गुणिले ४" असे लिहिलेले असले तरी गाडीच्या विजेवर थेट चालणाऱ्या चिपमधून ४ ओहमच्या स्पीकरला साधारण २० वॉटच शुद्ध मिळतात. आवाज वाढवला की तो फाटतो, त्याचे कारण हेच आहे.

तुमच्या मर्यादेत मी चार चॅनेलचा एकच ॲम्प्लिफायर सुचवीन, म्हणजे ४ ओहमवर प्रत्येक चॅनेलला ६० वॉट आरएमएसच्या आसपास देणारा. दोन चॅनेल पुढच्या दारांना द्यावेत आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, १५० वॉटच्या आसपास सबवूफरला द्यावेत. ब्रिज केल्यावर सबवूफर ४ ओहमचाच असला पाहिजे. दुहेरी कॉइलचा, दोन्ही कॉइल ४ ओहमच्या असलेला सबवूफर घेऊन त्या समांतर जोडल्या तर २ ओहम होतात आणि असे बहुतेक ॲम्प्लिफायर ब्रिजमध्ये तो भार सोसत नाहीत. या सगळ्याला पूर्ण ताकदीवर २५ अँपिअरच्या जवळपास प्रवाह लागेल आणि प्रत्यक्ष संगीतात सरासरी त्याहून बरीच कमी राहील. इंजिन चालू असेपर्यंत बॅटरीवर ताण येणार नाही. गाडी बंद करून तासभर ऐकत बसण्याची सवय असेल तर मात्र सकाळी धक्का मारावा लागेल.

मूळ वायरिंग कापण्याची गरज नाही. गाडीच्या कनेक्टरला बसणारा कपलर मिळतो, त्यातून स्पीकरचे सिग्नल घेऊन ॲम्प्लिफायरच्या हाय लेव्हल इनपुटला द्यावेत. वायर कापली तर पुढे स्टीरिओत काहीही बिघाड झाला तरी वॉरंटीचा वाद उभा राहतो.

पंचगंगा (कोल्हापूर)

दादा, वरील प्रतिसादात फ्यूजचा उल्लेख आला आहे तो ॲम्प्लिफायरवरच्या फ्यूजचा. बॅटरीजवळच्या फ्यूजबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण आमच्या गाडीत तो नव्हता.

चार वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातून ॲम्प्लिफायर बसवून घेतला. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी जाड लाल वायर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून थेट ओवलेली होती. तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेवर बसणारे रबरी कडे, नव्हते आणि बॅटरीजवळ फ्यूजही नव्हता. फ्यूज मागे, ॲम्प्लिफायरपाशी लावलेला होता. सात-आठ महिने इंजिनाच्या थरथरीने वायरीचे आवरण पत्र्याच्या धारेवर घासत राहिले. गगनबावड्याकडून परतताना माझ्या पायाशी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि पाठोपाठ डॅशबोर्डखालून धूर निघाला. माझा मुलगा मागच्या सीटवर झोपला होता. यजमानांनी गाडी थांबवून बॉनेट उघडले आणि पान्ह्याने बॅटरीचे टर्मिनल सोडवले म्हणून निभावले. गालिचाखाली दोन वीत लांबीचे आवरण वितळून काळे झालेले होते.

बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि तो प्रवाह तोडणारा फ्यूज वायरीच्या दुसऱ्या टोकाला असून काहीही उपयोग नसतो. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडायला लावा, फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि वायर पत्र्यातून जाते तिथे बोट फिरवून रबर लागते का ते तपासा. दुकानदाराला वाईट वाटले तरी चालेल.

खर्ज (डोंबिवली)

ताईंचा अनुभव प्रत्येक फिटरला वाचून दाखवावा असा आहे. वायरीबाबत एक भर घालतो. स्वस्त संचांतील वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच भरते. ब्लेडने टोक खरवडले की आतून पांढरा धातू दिसतो. ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज तुमच्या मांडणीला पुरेसा आहे.

सबवूफरच्या आकाराबाबत माझे मत दुकानदाराहून वेगळे आहे. शास्त्रीय संगीत आणि भजन ऐकणाऱ्याने बंद खोका घ्यावा, छिद्राचा घेऊ नये. छिद्राचा खोका एका ठरावीक पट्ट्यात मोठा आवाज देतो आणि नाचाच्या गाण्यांना तो शोभतो, पण डग्ग्यावर तळव्याच्या दाबाने स्वर खालून वर सरकतो तेव्हा त्या घसिटीतला एखादाच टप्पा तो फुगवून दाखवतो. बंद खोक्यात हवेची गादी पडद्याला लगेच आवरते, म्हणून थाप जिथे संपते तिथेच संपते. १० इंची सबवूफर आणि १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचा) साधारण २० लिटरचा बंद खोका स्विफ्टच्या डिकीत एका कोपऱ्यात मावतो आणि दोन बॅगा सहज बसतात. सीटखालचा ८ इंची तयार सबवूफरही मी वापरला आहे. जागा वाचते हे खरे, परंतु तो खालचे स्वर देताना लवकर दमतो.

वडिलांना धुमी ऐकू न येण्यामागे एक गंमतीची बाब आहे. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. दारातला लहान स्पीकर हा मूळ स्वर फारसा देत नाही, तरी त्याचे वरचे उपस्वर ऐकून आपला कान खालचा स्वर मनाने भरून काढतो. म्हणून स्वर ओळखू येतो, पण त्याचे वजन छातीला जाणवत नाही. ज्याने आयुष्यभर पखवाज मांडीवर घेतला आहे त्याला हा फरक लगेच कळणारच.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. बॅलन्सची तपासणी केली, वायरी बरोबर होत्या. त्यानंतर पुढच्या दोन्ही दारांना डॅम्पिंग, पुढचे नवे स्पीकर, चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर आणि १० इंची बंद खोका असे काम दुसऱ्या एका फिटरकडून करून घेतले. एकूण २९,४०० रुपये झाले. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज आहे आणि ग्रोमेटवरून बोट फिरवून पाहिले आहे. एक अडचण मात्र आली. इंजिन चालू केले की स्पीकरमधून बारीक "कुईं" असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो वर चढत जातो. फिटर म्हणतो की फिल्टर बसवावा लागेल.

अर्थिंग

फिल्टर घेऊ नका. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारा आवाज अल्टरनेटरचा असतो आणि तो बहुतेक वेळा कच्च्या अर्थिंगमधून (गाडीच्या पत्र्याशी असलेल्या जोडणीतून) शिरतो. ॲम्प्लिफायरची काळी वायर गाडीच्या पत्र्याला कुठे जोडली आहे ते पाहा. रंगावरच बोल्ट आवळला असेल तर तिथे रोध राहतो, स्टीरिओ आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थमध्ये किंचित व्होल्टचा फरक पडतो आणि तोच फरक तुम्हाला ऐकू येतो. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि गंज चढू नये म्हणून वरून रंगाचा हात द्या. ही वायर ४५ सेंटिमीटरहून लांब नसावी आणि सीट बेल्टच्या बोल्टला ती कधीही जोडू नये. सिग्नलच्या वायरी लाल वायरीच्या शेजारून आणल्या असतील तर त्या गाडीच्या दुसऱ्या कडेने फिरवून घ्या.

त्याच वेळी गेनही लावून घ्या. गेन हे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. स्टीरिओच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचा मेळ घालण्यासाठी ते दिलेले असते. स्पीकरच्या वायरी काढून ठेवा, स्टीरिओचा आवाज तीन-चतुर्थांशवर ठेवा, १००० हर्ट्झचा सलग स्वर लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दारांच्या चॅनेलचा गेन १५.५ व्होल्ट येईपर्यंत फिरवा. सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा स्वर लावून २४.५ व्होल्टवर थांबा. ताकद आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की हे आकडे येतात, म्हणून तुमच्या ॲम्प्लिफायरवर आरएमएसचा आकडा वेगळा असेल तर हिशेब पुन्हा करा. मल्टिमीटर नसेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळेल. शेवटी दारांना ८० हर्ट्झच्या वरचे आणि सबवूफरला ८० च्या खालचे स्वर जातील असे ॲम्प्लिफायरमधलेच स्वर वाटणारे फिल्टर लावा.

घाटवाट

तुमचे निदान अचूक ठरले. काळी वायर मागच्या सीटखाली रंगावरच आवळलेली होती. पत्रा घासून पुन्हा जोडल्यावर "कुईं" पूर्ण थांबली. गेनसाठी मल्टिमीटर लावला तेव्हा सबवूफरकडे ३१ व्होल्ट दिसले, म्हणजे फिटरने गेन बराच वर ठेवला होता, तो २४.५ वर आणला.

रविवारी वडिलांना पुढच्या सीटवर बसवून तेच ध्वनिमुद्रण लावले. पहिल्या अभंगाला ते काही बोलले नाहीत, फक्त डावा तळवा मांडीवर पडत होता. दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर त्यांनी आवाज थोडा कमी करायला सांगितला आणि म्हणाले, "याची कणीक सुकत आली आहे, आता तो पाण्याचा हात लावील." पुढच्या अभंगाला धुमी खरोखर खाली उतरली.

आता एकच विचारायचे आहे. मोठ्या थापेला मागची नंबर प्लेट खडखडते. तिच्यामागे डॅम्पिंगचा उरलेला तुकडा लावला तर चालेल का?

पंचगंगा

चालेल. आम्ही तेच केले आहे. पत्रा आधी स्पिरिटने पुसून कोरडा करा, म्हणजे पावसाळ्यात तो तुकडा सुटणार नाही.