गाड्यांचा धूर पिकाला खत ठरतो का?

दिवेघाटची_लेक: कालच्या चर्चेत 'वाफेवाला' यांनी लिहिले, की रस्त्यालगतच्या पिकाला गाड्यांच्या धुराने काही होत नाही, उलट त्यातल्या नायट्रोजनचे फुकट खत मिळते. हे वाचून मला राहवले नाही. आमची अंजिराची बाग सासवड रस्त्याला लागून आहे. अंजिराचे पान खरखरीत असल्यामुळे बसलेली धूळ वाऱ्याने उडत नाही. मिठ्या बहाराच्या (उन्हाळ्यात फळे देणाऱ्या हंगामाच्या) वेळी एका पानावरून ओला फडका फिरवला, तर फडका काळा झाला आणि खालचे पान फिकट निघाले. पर्णरंध्रे, म्हणजे पानाची श्वासाची छिद्रे, बुजल्यावर आणि ऊन अडल्यावर त्या पानाने अन्न कशाच्या जोरावर तयार करायचे?

वाफेवाला: मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. नायट्रोजन डायऑक्साइड पाने थोडाफार शोषतात, हे खरे आहे. पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले, धुरावर कडक मर्यादा असलेल्या बीएस-६ गाड्या २०२० मध्ये आल्या. ताई, तुमच्या फडक्यावर रस्त्याची माती आहे, धूर नव्हे. मांजरीत माझे मेथीचे वाफे रस्त्यापासून वीस पावलांवर आहेत आणि उतारा कधी घटलेला नाही.

पाषाणकर: आपण दोघेही फक्त रस्त्याची कड पाहत आहात. नायट्रोजन ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर ऊन पडले, की जमिनीलगत ओझोन हा पिकांना घातक वायू तयार होतो. मात्र ताजा धूर त्यालाच खाऊन टाकत असल्याने तो ऐन रस्त्यावर कमी आणि वाऱ्याच्या दिशेने शहराबाहेर जास्त आढळतो. गहू, सोयाबीन, घेवडा ही पिके त्याला हळवी आहेत. आधी जुन्या पानांवर बारीक ठिपके येतात, मग पाने अकाली पिवळी पडतात आणि दाणा भरत नाही.

ऊसतोड्या_बारामती: गाड्यांवर खापर फोडण्याआधी उसाचे पाचट (तोडणीनंतर उरलेला वाळका पाला) पेटवणारे आपलेच भाऊबंद आठवा. शेजारच्या फडाची धग लागून माझी केळीची एक ओळ होरपळली आणि भरपाई मागितली, तर बांधावर भांडण झाले.

दिवेघाटची_लेक: पाचट जाळणे चूकच आहे, पण तो फड वर्षातून एकदा पेटतो आणि आमच्या दारातली वाहतूक चोवीस तास चालते.

ऊसतोड्या_बारामती: एकदा पेटतो म्हणून सोडून द्यायचे का? त्या धुरातूनही ओझोनचा कच्चा मालच हवेत जातो. पाचट सरीत कुजवले, तर ओल टिकते आणि सेंद्रिय कर्बही वाढतो. दोन हंगाम मी हेच करतो आहे आणि तरीही गावात मलाच वेड्यात काढतात!

वाफेवाला: ओझोनचे मान्य करतो, नाइलाजाने का होईना. मेथी महिनाभरात उपटली जाते, त्यामुळे मला नुकसान दिसले नसेल. खताचा शब्द मात्र मागे घेणार नाही. जूनमध्ये घेवडा लावून पाने तपासतो.

पाषाणकर: पावसाळ्यात ओझोन कमी असतो. उन्हाळी घेवडा लावा, आणि खालची पाने आधी पाहा.