पांडाजमध्ये कोऱ्या ओळी काढायला गेले, शेतकऱ्यांच्याही उडाल्या

कोपरखैरणे_मेधा
नमस्कार मंडळी. बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितात. महिन्याची आवक एक्सेलमध्ये आहे: तारीख, शेतकरी, गाव, गोणी, वजन, दर, हमाली, तोलाई, शेरा. वरच्या ३ ओळींत गाळ्याचा पत्ता, रोजच्या शेवटी 'एकूण', मधेमधे कोऱ्या ओळी. हमाली-तोलाई मला नकोय. पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) ड्रॉपएनए, म्हणजे रिकामी घरं असलेल्या ओळी काढणारी मेथड, चालवलं तर ४१२ ओळींतल्या ९ उरल्या! जुन्नरचा एकही शेतकरी नाही. यावरून बाबा पट्ट्या (शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) ताडून बघणार आहेत, एकाचीही ओळ हरवून चालणार नाही.

कळव्याचा_सुहास
ताई, नुसतं ड्रॉपएनए लिहिलं की एक घर जरी रिकामं असलं तरी अख्खी ओळ जाते. शेरा रोज कोण लिहितं? हाऊ = 'ऑल' द्या, म्हणजे पूर्ण कोरी ओळच जाईल. वरच्या ओळी वाचतानाच स्किपरोज = ३ ने सोडा. हवे ते स्तंभ यूजकॉल्समध्ये नावानिशी द्या, हमाली-तोलाई आत येणारच नाही.

ठाणे_नौपाडा
'एकूण' काढण्याआधी शेतकरी स्तंभावर स्ट्रिप (मागच्या-पुढच्या स्पेस काढणारी मेथड) चालवाच. माझ्या एका फाइलीत शब्दामागे एक स्पेस होती, ओळ तशीच राहिली आणि बेरीज फुगली. फिल्टर नावाच्या मेथडवर जाऊ नका, ती स्तंभांची किंवा ओळींची नावं बघते, आतला मजकूर नाही. आणि काढलेल्या ओळी फेकू नका, वेगळ्या डेटाफ्रेममध्ये (पांडाजच्या तक्त्यात) ठेवा आणि डोळ्यांखालून घाला.

कोपरखैरणे_मेधा
दादा, अजून एक सापडलं. बाबा तारीख दिवसाच्या पहिल्याच ओळीत लिहितात. मी आधी एफफिल (वरच्या घरातलं खालच्या रिकाम्या घरात भरणं) केलं, तर कोऱ्या ओळींनाही तारीख चिकटली आणि त्या निघेनात.

कळव्याचा_सुहास
क्रम उलटा करा. आधी कोऱ्या ओळी काढा, मग एफफिल, तेही फक्त तारखेवर. दरावर चुकूनही नको, नाहीतर एकाचा भाव दुसऱ्याच्या नावावर चढेल.

कोपरखैरणे_मेधा
जमलं! ३१ कोऱ्या, २६ 'एकूण', ३५५ शेतकऱ्यांच्या. बेरीज ४१२. जुन्नरच्या एका आजोबांच्या ओळीत दर खरंच कोरा होता. ती ओळ मी राहू दिली आणि बाबांनी वहीत बघून दर भरला.